अनामत आवाज

मराठीत आपण ज्याला मुलाखत म्हणतो तो शब्द मूळचा अरबी. फारसी-उर्दूच्या वाटेने तो आपल्याकडे आला. उर्दूत मुलाकात म्हणजे नुसती भेट. आमची अम्मी आजही कोणाकडे जायचे झाले की ‘जरा मुलाकात करून येते’ असे म्हणते. जाताना ती रिकाम्या हाताने जात नाही आणि येताना तिथले काही न विचारता उचलून आणत नाही. मराठीत मात्र ह्या शब्दाचा अर्थ आक्रसला. एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे आणि सांगितलेले पहिल्याने घेऊन जायचे, ह्याला आपण मुलाखत म्हणू लागलो. भेटीतून काही घेऊन जाण्याचा हक्क येतो कुठून? हा प्रश्न पत्रकारितेच्या वर्गात मला कोणी शिकवला नाही. तो मला सरावलीत, आमच्याच चाळीत पडला.

सरावली हे बोईसरला लागून असलेले गाव. १९६९ मध्ये तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत आली. तिचे नाव तारापूर असले तरी ती वसली बोईसरच्या कुशीत. कापड, रसायने, औषधे, पोलाद अशा कारखान्यांच्या मागोमाग उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसातून माणसे आली. वारली, मांगेला, वाडवळ ह्यांच्या मुलखात भोजपुरी आणि उडिया ऐकू येऊ लागली. माझे अब्बा अशाच एका कापड कारखान्यात फिटर होते. आमच्या चाळीत दहा खोल्या आणि पाच-सहा भाषा. भिंती इतक्या पातळ की शेजारच्या खोलीतला खोकला कोणाचा हे आम्हाला न बघता कळायचे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

२००५ साली मी मुंबईला पत्रकारितेचा अभ्यासक्रम करीत होते. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ मध्ये. तेव्हा बोईसरहून शटल पकडायची, विरारला गाडी बदलायची आणि उभ्याने चर्चगेट गाठायचे. वर्षअखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याने वीस मिनिटांची ध्वनिमुलाखत सादर करायची होती. अब्बांच्या एका दोस्ताकडून मी कॅसेट रेकॉर्डर मागून आणला.

रेकॉर्डिंग शिकणे म्हणजे आधी ऐकायला शिकणे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळले. घरात अम्मीवर सराव केला आणि कॅसेट परत ऐकली, तर अम्मी कमी आणि छतावरचा पंखा जास्त. मध्येच कुकरची शिट्टी, मागे धडधडत जाणारी मालगाडी. समोर बसलेल्या माणसाचे ऐकताना आपला कान नको ते आपोआप गाळतो. यंत्र काही गाळत नाही. मग एकेक गोष्ट कळत गेली. पंखा बंद करायचा. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरायचा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फुत्कार त्यात जात नाही. सेल उतरलेले असले तर फीत हळू फिरते आणि नंतर ऐकताना तोच आवाज पोरकट, पिपाणीसारखा येतो. सुरुवातीला तारीख, गाव आणि नाव बोलून घ्यायचे. शेवटी कोणी न बोलता अर्धा मिनिट खोलीची नुसती शांतता भरून घ्यायची, म्हणजे पुढे जोडकाम करताना सांधा कळत नाही.

सर्वांत अवघड होते ते गप्प बसणे. आपल्याला दर वाक्याला ‘हो ना’, ‘अरेरे’, ‘मग काय’ म्हणायची सवय. ते सगळे फितीत उतरते. आमचे शिक्षक म्हणत, मान हलवा, पण तोंड उघडू नका. आणि समोरच्याचे बोलून झाले की लगेच पुढचा प्रश्न विचारू नका, मनात पाच आकडे मोजा. माणसाला शांतता सोसत नाही. ती भरून काढायला तो पुन्हा बोलतो आणि खरे असते ते तेव्हाच बाहेर येते. हा धडा मी वहीत अधोरेखित केला होता. कौशल्य म्हणून तो शंभर टक्के खरा आहे. पण त्याच्या पोटात काय आहे हे तेव्हा मला दिसले नाही. दुसऱ्याला सांगायचे नव्हते ते त्याच्याकडून सांगून घेण्याची ती युक्ती होती.

मुलाखतीसाठी मी आमच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीतल्या मावशी निवडल्या. त्यांचे यजमान एका रसायनाच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली होते. दीड वर्षापूर्वी कामावर असताना ते भाजले आणि चार दिवसांनी गेले. मावशी लोकांची धुणीभांडी करीत. लहानपणी मी त्यांच्या ओट्यावर खेळले होते. मी म्हटले, ‘मावशी, तुमचं नाव कुठेही येणार नाही. मी दुसरं नाव देईन.’ त्या हसल्या. ‘माझं नाव घेऊन करणार कोण काय? कर सुरू.’

पहिली पंधरा-वीस मिनिटे त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत, त्या यंत्राशी बोलल्या. तहसील कचेरीत बोलावे तसे, तोलून मापून. मग कॅसेटची बाजू संपली आणि खट् असा आवाज झाला. त्या खटक्यासरशी मावशींचे खांदे सैल पडले. ‘झालं? थांब, चहा टाकते,’ म्हणून त्या उठल्या. मी कॅसेट उलटली. रेकॉर्डरची दोन बटणे एकदम दाबावी लागत. मी ती दाबली तेव्हा मावशी पाठमोऱ्या होत्या, चहा गाळत होत्या. मी काही बोलले नाही. परवानगी तर आधीच घेतली होती.

चहा पिताना मावशी बोलल्या त्या माझ्याशी. त्यांनी सांगितले की, यजमान गेल्यावर बाराव्याच्या आत ठेकेदार दोन माणसे घेऊन आला. त्याने एका कागदावर त्यांचा अंगठा घेतला आणि हातात काही हजार रुपये ठेवले. कागदावर काय लिहिले होते ते कोणी वाचून दाखवले नाही. ‘पुन्हा कुठे जायचं नाही असं बोलला. मी म्हटलं, मी जाणार तरी कुठे?’ मी मान हलवली आणि मनात पाच आकडे मोजले. मग त्यांनी उरलेलेही सांगितले.

त्या रात्री मी खोलीत कॅसेट ऐकत बसले होते. नाव बदलले होते, गाव काढले होते, मी निर्धास्त होते. एवढ्यात माझा सात-आठ वर्षांचा भाऊ बाहेरून धावत आला आणि दारातूनच ओरडला, ‘अम्मी, मावशी आल्यात का?’

मी यंत्र बंद केले. कागदावर नाव बदलता येते. आवाजाचे नाव बदलता येत नाही, तो स्वतःच माणसाचे नाव असतो. एका पोराला जे दारातून कळले ते ठेकेदाराच्या मुकादमाला कळायला कितीसा वेळ लागला असता?

दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्डर घेऊन मावशींकडे गेले आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. स्वतःचा आवाज त्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होत्या. ‘हा माझा? असा घोगरा?’ म्हणून लाजल्या. दुसरी बाजू लागली आणि कागदाचा मजकूर आला तसा त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

‘हे कधी घेतलंस?’

‘चहा करत होतात तेव्हा.’

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. त्या शांततेत मला पाच आकडे मोजता आले नाहीत. मग म्हणाल्या, ‘पोरगा त्याच ठेकेदाराकडे लागलाय गं, दिवाळीपासून. हे काढ.’

मी शिक्षकांना सगळे सांगितले. ते वाईट माणूस नव्हते. आजही मी त्यांना मानते. ते म्हणाले, ‘तुझ्या मुलाखतीत बातमी आहे ती त्या तीन मिनिटांत. बाकी रडणे आहे, आणि गरिबांचे रडणे सगळ्यांकडे असते. तू ते काढलेस तर फायदा कोणाचा? ठेकेदाराचा. दाबणारा दाबतो, दबलेला माघार घेतो आणि तू त्या माघारीला नैतिकता म्हणतेस. उद्या त्याच्याकडे दुसरा माणूस मेला तर?’

ह्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही पुरते नाही. तारापूरच्या वसाहतीत त्यानंतरही माणसे मरत राहिली. २०१८ मध्ये आणि २०२० च्या जानेवारीत झालेल्या स्फोटांचे हादरे आसपासच्या गावांनी अनुभवले. प्रत्येक वेळी मला ती तीन मिनिटे आठवली. त्यांनी काही थांबले असते असे मी म्हणणार नाही. पण नसतेच थांबले, असे तरी कोणाच्या भरवशावर म्हणू?

तरीही मी ती काढली. हा निर्णय केवळ मायेपोटी घेतला होता का, हे मी पुढे अनेक वर्षे स्वतःला विचारीत आले. भारतीय प्रेस परिषदेची आचारसंहिता सांगते की, माणसाच्या नकळत किंवा संमतीवाचून त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करू नये. अपवाद फक्त पत्रकाराच्या कायदेशीर बचावाचा किंवा तसेच सबळ कारण असेल तेव्हाचा. नियम चांगला आहे. पण माझ्या बाबतीत तो अपुरा पडतो, कारण मी संमती घेतली होती. मावशी ‘कर सुरू’ म्हणाल्या होत्या. प्रश्न संमती होती की नाही हा नाही, ती किती लांब पुरते हा आहे. दार उघडून ‘या’ म्हटले म्हणजे पाहुण्याने कपाटही उघडावे असे होत नाही.

स्वेतलाना अलेक्सिएविच ह्या बेलारूसच्या लेखिकेला २०१५ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले. टेपरेकॉर्डर घेऊन शेकडो माणसांशी बोलायचे आणि त्यांच्या आवाजांतून पुस्तक उभे करायचे ही त्यांची रीत. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेवरचे त्यांचे पुस्तक आमच्यासारख्या अणुवीज केंद्राच्या शेजाऱ्यांनी वाचावे असे आहे. पण त्याआधी, अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत युद्धावर लिहिलेल्या पुस्तकाबद्दल त्यांच्यावर मिन्स्कच्या न्यायालयात खटला झाला. साल १९९२-९३. फिर्याद करणाऱ्यांमध्ये युद्धात मुलगा गमावलेल्या आया होत्या. आमचे बोलणे हिने बदलून छापले, असे त्यांचे म्हणणे होते. लेखिकेच्या पाठीराख्यांच्या मते ह्या आयांच्या आडून लष्करी मंडळी बोलत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हेच त्यातले दुखणे आहे. माघार घेणारी आई दबावाखाली असेल, पण म्हणून ती आई नाही असे होत नाही. अलेक्सिएविच ह्यांनी पुढे त्या खटल्याची कागदपत्रे पुस्तकातच छापली. आपल्याविरुद्धचा आवाजही त्यांनी वाचकासमोर ठेवला, हे मला त्यांच्या नोबेलपेक्षा मोठे वाटते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. बोस्टन कॉलेजने २००१ ते २००६ ह्या काळात उत्तर आयर्लंडच्या संघर्षातल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. तुम्ही हयात असेपर्यंत हे कोणाला ऐकू देणार नाही, असा शब्द त्यांना दिला होता. २०११ मध्ये पोलिसांच्या वतीने त्या ध्वनिफितींची मागणी झाली, न्यायालयात लढाई झाली आणि काही मुलाखती अखेर हवाली कराव्या लागल्या. शब्द देणाऱ्यांची नियत खोटी नव्हती. जो शब्द पाळणे आपल्या हातात नाही तो त्यांनी दिला होता. मीही मावशींना तेच केले होते. ‘नाव येणार नाही’ म्हणजे ‘तुम्हाला कोणी ओळखणार नाही’, असे मी त्यांना वाटू दिले. २०१४ मध्ये त्या कॉलेजने जाहीर केले की, मुलाखत देणाऱ्यांपैकी जो मागेल त्याला त्याची ध्वनिफीत परत करू.

परत करू, हा शब्द मला थांबवतो. मराठीत अनामत हा शब्द आपण रोज वापरतो. वाचनालयाची अनामत, खोलीची अनामत, निवडणुकीत जप्त होणारी अनामत. हा आपला अमानत. मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल झाली, पण अर्थ टिकला. दुसऱ्याचे आपल्याकडे ठेवायला दिलेले, आपण सांभाळायचे आणि मागितले की परत करायचे. माणूस आपल्याशी बोलतो तेव्हा तो आवाज आपल्याला विकत नाही आणि बक्षीसही देत नाही. अनामत ठेवतो. मग प्रसिद्ध होईपर्यंत तो परत मागण्याचा हक्क त्याच्याकडे राहिला पाहिजे, एवढे तरी आपण मानले पाहिजे.

पण इथे शिक्षकांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. उद्या एखादा मंत्री किंवा कारखानदार म्हणाला की, माझेही तेवढे वाक्य परत द्या, तर? मला वाटते, इथे सगळ्यांना एक माप लावणे म्हणजेच अन्याय. सत्ता हाती असलेला माणूस बोलतो ते पदावरून बोलतो, त्या बोलण्यावर लोकांचाही हक्क असतो. वाक्य मागे घेतल्याने तो स्वतःची जबाबदारी टाळत असतो. मावशी बोलल्या त्या स्वतःच्या जखमेबद्दल, आणि ते वाक्य बाहेर गेले तर त्याची किंमत त्यांच्याच घराने मोजायची होती. किंमत मोजणाऱ्याचा हक्क मोठा.

शिवाय सत्य एका बाईच्या गळ्यात अडकवून ठेवायची गरज नसते. तेच सत्य दुसऱ्या वाटांनीही गाठता येते. २००५ मध्येच माहितीचा अधिकार आला. कारखान्यातल्या अपघातांच्या नोंदी मागता येतात, चार कामगारांना विचारता येते, इस्पितळाचे कागद पाहता येतात. तारापूरच्या प्रदूषणाबद्दल मच्छीमारांची तक्रार २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या नावाने. एकट्यादुकट्याने नाव घेऊन पुढे यावे लागले नाही, ओझे संघटनेने उचलले. हे कष्ट करायचे सोडून आपण हाताशी असलेला एक कापरा आवाज लावतो, कारण तो स्वस्त असतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतो.

ह्याचा अर्थ गरिबाचे नाव नेहमी झाकावे असा मात्र नाही. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान ह्यांनी ग्रामोफोनसाठी गायले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारले. तो आवाज कोणाचा हे सव्वाशे वर्षांनीही आपल्याला ठाऊक आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखावर. ‘पारी’ हे संकेतस्थळ २०१७ पासून त्या ओव्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह लोकांपुढे ठेवीत आले. ओवीवर नाव नसणे ही चोरी झाली असती. मावशींच्या तीन मिनिटांवर ओळख असणे हा घात झाला असता. नाव द्यावे की झाकावे ह्याचा नियम नाही. ते ज्याचे आहे त्याला विचारावे, एवढाच नियम.

आणि विचारायचे तर पुरते सांगून विचारावे. ही गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली. त्याच वर्षी जूनमध्ये कामगार कायद्यांवरच्या एका व्याख्यानात मी ऐकले की, कामावर मृत्यू झाला तर नुकसानभरपाई मालकाने वारसाच्या हातात द्यायचीच नसते, ती आयुक्तांकडे जमा करायची असते. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कायद्यात हे स्पष्ट होते. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नव्हते. म्हणजे अंगठ्याच्या त्या कागदाने मावशींचा हक्क बुडाला नव्हता. दावा करायची मुदत दोन वर्षांची होती आणि ती संपायला दोनेक महिने बाकी होते.

मी त्याच संध्याकाळी मावशींकडे गेले. मुलाखतीत मी त्यांना पस्तीस-चाळीस प्रश्न विचारले होते, पण त्यांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगितली नव्हती. आता सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतले, रक्कम साधारण किती असेल ते विचारले, मुलाची नोकरी राहील का ते विचारले. राहील असे मला सांगता आले नाही. त्या म्हणाल्या, ‘बघते.’ मुदत गेली, त्या गेल्या नाहीत. मला वाईट वाटले, पण जानेवारीत वाटले होते तसे अपराधी वाटले नाही. ह्या वेळी त्यांनी ठरवले ते जाणून ठरवले.

माझी मुलाखत मी तीन मिनिटे वगळून दुसऱ्या कॅसेटवर उतरवली आणि तीच सादर केली. बेतास बात गुण मिळाले. मूळ कॅसेट मी पुसली नाही. तिच्या वरच्या कडेच्या दोन्ही चिपा मोडल्या, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरे काही भरले जाऊ नये, आणि ती मावशींना दिली. त्यांनी ती रेशनकार्डाच्या डब्यात ठेवली.

२०१९ मध्ये मावशी वारल्या. महिन्याभराने त्यांचा मुलगा तीच कॅसेट घेऊन आमच्याकडे आला. ठेकेदाराची नोकरी त्याने कधीच सोडली होती, आता तो रिक्षा चालवत होता. ‘ताई, आईचा आवाज आहे म्हणे ह्यात. लावायला आमच्याकडे काही नाही.’ मी कुठून तरी एक जुना रेकॉर्डर मिळवला. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या. दुसरी बाजू सुरू झाली तशी मी उठून बाहेर गेले. ते बोलणे आता त्याचे होते.

परत आले तेव्हा तो म्हणाला, ‘मला सांगितलं असतं तर मी त्याच्याकडे एक दिवस राबलो नसतो.’ मग थोड्या वेळाने, ‘तो कागद आता कुठे मिळेल का?’

मी काय बोलणार? ज्याच्यासाठी ती गप्प राहिली त्याला कोणी विचारलेच नव्हते. मावशींनी नाही, मीही नाही. आवाज परत केला म्हणून मी सुटले असे मला तेव्हा वाटले होते. अनामत परत केल्याने माणूस प्रामाणिक ठरतो, त्याने न्याय झाला असे होत नाही. न्यायाचे काम वेगळे होते आणि ते दुसऱ्या वाटेने करायचे माझ्या हातात होते. कारखान्याच्या नोंदी मागवायला मी तेव्हा गेले नाही.

आज पत्रकारितेची मुले माझ्याकडे येतात. त्यांच्या हातात मोबाईल असतो, त्याची बाजू संपत नाही आणि खटकाही वाजत नाही. काही सेकंदांच्या आवाजावरून त्याच माणसाच्या आवाजात त्याने कधीच न उच्चारलेली वाक्ये आता तयार करता येतात. मी त्यांना माइक वीतभर दूर धरायला सांगते, पंखा बंद करायला सांगते, पाच आकडे मोजायलाही शिकवते. आणि मग सांगते, पाचापर्यंत मोजून झाल्यावर समोरचा जे बोलेल ते तुम्ही त्याच्याकडून काढून घेतलेले आहे, हे लक्षात ठेवा. उठण्याआधी त्याला ते ऐकवा. त्याला जे ठाऊक नाही आणि तुम्हाला ठाऊक आहे, ते सांगा. आणि त्याने परत मागितलेच, तर परत द्या. पण मग घरी जाऊन झोपू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सत्यासाठी दुसऱ्या दारी जा.